दवाखान्यातून घरी आणलेल्या माणसाची शुश्रूषा आपल्याला शिकवणार कोण?

कृष्णाकाठ (मूळ लेखन)

गेल्या श्रावणात माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांचे वय ७८. अकरा दिवस रुग्णालयात काढल्यावर बाराव्या दिवशी दुपारी त्यांना घरी सोडले. बिल भरणे, विम्याचे कागद गोळा करणे आणि रुग्णवाहिकेची वाट पाहणे या धांदलीत एका तरुण परिचारिकेने नाकातील नळीतून पातळ आहार कसा द्यायचा, हे मला एकदा करून दाखवले. त्याला पाच मिनिटे लागली असतील. मी मान डोलावली. संध्याकाळी सहा वाजता घरी हातात सिरिंज घेऊन उभा राहिलो, तेव्हा आधी पाणी सोडायचे की आधी आहार, हेच मला आठवेना. सोबत दिलेला कागद इंग्रजीत होता आणि त्यात औषधांची नावे व पुढच्या तपासणीची तारीख यांखेरीज काही नव्हते.

पुढच्या तीन महिन्यांत मी ज्या चुका केल्या त्या लाज न बाळगता सांगतो, कारण त्या सगळ्या प्रेमापोटी केलेल्या होत्या. वडिलांना उठवताना मी त्यांचा लुळा हात धरून ओढत होतो. खांदा सुजल्यावर ते चुकीचे होते हे समजले. नळी निघाल्यानंतर ते आडवे असतानाच चमच्याने पाणी पाजत होतो, आणि ठसका लागला की पाठ थोपटत होतो. माकडहाडापाशी त्वचा लाल झाली, तेव्हा आईने सांगितले म्हणून तिथे स्पिरिट लावून जोरजोरात चोळले. आठवड्याभरात त्या जागी जखम झाली.

आपल्याकडे बाळ जन्माला आले की त्याला कसे धरायचे, अंघोळ कशी घालायची, ढेकर कशी काढायची हे सांगायला घरात दहा माणसे हजर असतात, शिवाय मालिश करणारी बाई येते ती वेगळीच. ६८ किलो वजनाच्या वडीलधाऱ्या माणसाला कुशीवर कसे वळवायचे, हे सांगणारे मात्र आमच्या भरल्या घरात एकही माणूस नव्हते. आजोबा झटक्यानंतर चौथ्या दिवशी गेले होते, त्यामुळे आईनेही असे दुखणे महिनोन्‌महिने सांभाळलेले नव्हते. रुग्णालये आता माणसाला वाचवतात आणि त्यानंतरची वर्षे घराच्या हवाली करतात, पण त्या वर्षांची शिकवणी कुठेच मिळत नाही, असे माझे मत झाले आहे.

ज्यांनी घरी अशी शुश्रूषा केली आहे किंवा आज करत आहेत, त्यांनी काय शिकलात, कोणाकडून शिकलात आणि कोणती गोष्ट पहिल्याच दिवशी कळायला हवी होती, ते कृपया इथे लिहावे. डॉक्टरांविषयीच्या तक्रारींसाठी दुसरे धागे आहेत, त्या इथे नकोत.

रात्रपाळी

कृष्णाकाठ, मी ३४ वर्षे परिचारिका होते, त्यातली बहुतेक पुरुष वॉर्डात. प्रथम आपल्या आईंची बाजू घेते. पाठीला स्पिरिट लावून पावडर चोळणे हे आम्हालाही प्रशिक्षणात शिकवलेले होते, आणि आम्ही ते वर्षानुवर्षे केले. पुढे ते चुकीचे ठरले, कारण सतत दाबाखाली राहून लाल झालेल्या त्वचेखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आधीच दुखावलेल्या असतात आणि चोळल्याने त्या आणखी फुटतात. लाल भागावर बोट दाबून सोडावे. तो क्षणभर पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. रंग तसाच राहिला तर ती शय्याव्रणाची पहिली पायरी समजावी आणि त्या जागेवर पुन्हा भार येऊ देऊ नये. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून तिथे आजूबाजूपेक्षा ऊब किंवा कडकपणा जाणवतो का, हेही हाताने पाहावे.

कूस दर दोन तासांनी बदलायची. पूर्ण आडव्या कुशीवर ठेवले की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, म्हणून पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंशांचा कल ठेवावा. पोटऱ्यांखाली उशी सारून टाचा गादीपासून अधांतरी ठेवाव्यात. टाचांच्या जखमा भरायला फार काळ लागतो. हवेची गोल रिंग वापरू नये, कारण तिच्या कडांचा दाब पडून मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट कमी होतो. मोटरवर चालणारा एअर बेड चांगला, पण तो आणला म्हणजे कूस बदलण्यातून सुटका झाली, असे समजणारी घरे मी पुष्कळ पाहिली आणि त्या घरांतल्या जखमाही पाहिल्या.

आपल्याला न आठवलेले उत्तर असे : आधी थोडे पाणी, मग आहार, मग पुन्हा पाणी, म्हणजे नळी तुंबत नाही. त्याआधी नाकपुडीपाशी नळीवर केलेली खूण जागेवर आहे ना, ते पाहायचे. ती सरकलेली दिसली तर काहीही न देता दवाखान्यात न्यायचे. नळी घरी आत ढकलायची नाही. भरवताना डोके व छाती ३० ते ४५ अंश वर हवी आणि भरवून झाल्यावर निदान अर्धा तास तसेच राहू द्यावे. औषधे कुटून देताना एक सावधगिरी बाळगावी. ज्यांच्या नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर अशी अक्षरे असतात त्या गोळ्या पोटात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या कुटल्या तर दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. अशा गोळीला पर्याय डॉक्टरांकडून लिहून घ्यावा.

तोंडाने खाऊ लागलेल्या माणसाला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन, एक घास पूर्ण गिळल्याशिवाय दुसरा न देता भरवावे. निव्वळ पाणी हे अशा रुग्णांना गिळायला सगळ्यात अवघड असते, कारण ते घशात फार वेगाने उतरते. दाटसर पेज सोपी जाते. ठसका वारंवार लागत असेल किंवा जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरल्यासारखा होत असेल, तर गिळण्याची तपासणी करून घ्यावी.

आणि पाच मिनिटांत शिकवणाऱ्या त्या मुलीला फार दोष देऊ नका. तिच्या वाट्याला त्या दिवशी किती खाटा होत्या, हे आपल्याला ठाऊक नाही.

कृष्णाकाठ

रात्रपाळीताई, आपला प्रतिसाद छापून मी खाटेशेजारच्या भिंतीवर चिकटवला आहे. त्या मुलीला दोष देण्याचा हेतू नव्हता. शिकवण्यासाठी वेळ आणि माणूस नेमलेलाच नसतो, एवढेच म्हणायचे होते.

सह्याद्रीपुत्र

आई-वडिलांची सेवा करायलाही आता शिबिरे आणि अभ्यासक्रम हवेत, हे वाचून वाईट वाटले. पुंडलिकाला कोणी प्रशिक्षण दिले होते? पूर्वी एकत्र कुटुंबात हे सारे आपोआप होत असे. मनात भाव असला की हातून चुका होत नाहीत.

अबोली

सह्याद्रीपुत्र, मी डोंबिवलीत राहते आणि गेली सहा वर्षे स्मृतिभ्रंश झालेल्या माझ्या सासूबाईंना सांभाळते. मनातल्या भावाविषयी आपण म्हणता ते मान्य आहे, पण धागाकर्त्याने लुळा हात ओढला तोही भावानेच, हे कृपया पुन्हा वाचावे. ‘आपोआप होत असे’ या तीन शब्दांमागे घरातली कोणती सून, कोणती विधवा आत्या किंवा लग्न न झालेली कोणती मुलगी उभी असे, याचा हिशेब कोणी ठेवला नाही, म्हणून ते आपोआप झाल्यासारखे दिसते. पुंडलिकाने विठ्ठलाला विटेवर उभे केले, हे आपण अभिमानाने सांगतो. आमच्याकडे आलेला पाहुणा विटेवर थांबत नाही. त्याला चहा लागतो आणि जाताना तो सल्ला देऊन जातो.

आमचा त्रास अंथरुणाचा नाही. सासूबाई चालतात, बोलतात, पाहुणे आले की हसून चौकशीही करतात. नणंदा दिवाळीला दोन तास येतात आणि म्हणतात, “आईला काही झालेले नाही, आम्हाला तर छान ओळखते.” त्या गेल्यावर रात्री आठपासून सासूबाई पदर खोचून दारात उभ्या राहतात आणि ‘मला घरी जायचंय’ म्हणतात. पहिले वर्षभर मी त्यांना हेच आपले घर आहे हे पटवून देत होते. भिंतीवरचे फोटो दाखवत होते, लाइट बिलावरचे नाव वाचून दाखवत होते. त्याने त्यांची घालमेल वाढत असे आणि एकदा त्यांनी माझ्या अंगावर तांब्या फेकला. पुढे एका समुपदेशक बाईंनी मला सांगितले की त्या ज्या घराविषयी बोलतात ते या पत्त्यावरचे नसते, म्हणून वाद न घालता ‘तुमच्या घरी अंगणात काय होतं?’ असे विचारून पाहा. आता त्या मला अलिबागजवळच्या वाडीतली विहीर, रहाट आणि रातांबे सांगत बसतात आणि अर्ध्या तासात जेवायला येतात. ही युक्ती मला नुसत्या मनातल्या भावाने सुचली नसती, ती शिकवावीच लागली. दिवेलागणीच्या आधीच सगळ्या खोल्यांतले दिवे लावणे, न्हाणीघराची आतली कडी काढून टाकणे, त्यांच्या बांगडीला फोन नंबरची पट्टी बांधणे, स्वयंपाक झाला की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करणे या गोष्टी त्यानंतर एकेक करून शिकले.

याच बाईंनी मला २२ प्रश्नांची एक प्रश्नावली भरायला दिली होती. झरित यांची म्हणून ती ओळखली जाते. सांभाळणाऱ्या माणसावरचा भार त्यातून मोजतात. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण, म्हणजे एकूण ८८. माझे किती आले ते इथे लिहीत नाही. पण सहा वर्षांत कोणीतरी कागदावर का होईना, मला माझ्याविषयी विचारले, आणि मी त्यांच्या टेबलापाशी रडले.

रात्रपाळी

अबोली, एक गोष्ट आपल्याला माहीत असेलच, पण इतरांसाठी लिहिते. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो. म्हातारे माणूस एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागले, झोपेची वेळ उलटी झाली, गुंगीत राहू लागले किंवा नसलेली माणसे त्याला दिसू लागली, तर ‘आजार वाढला’ असे म्हणून थांबू नये. लघवीचा संसर्ग, रक्तातले सोडियम उतरणे, कित्येक दिवस शौचाला न होणे, पाणी कमी पडणे किंवा नुकतेच सुरू केलेले एखादे औषध, यांपैकी काहीतरी बहुधा त्यामागे असते आणि ते बरे होऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

खांदेपालट

मी भौतिकोपचारक (फिजिओथेरपिस्ट) आहे; नावावरून अंदाज आला असेल. अर्धांगवायूत खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडतात आणि सांधा जवळजवळ कातडीच्या आधाराने लोंबकळत असतो. म्हणून त्या बाजूचा हात ओढायचा नाही, काखेत हात घालून उचलायचे नाही आणि बसवल्यावर तो हात उशीवर टेकवून ठेवायचा. खुर्चीत बसवताना खुर्ची चांगल्या बाजूला ठेवावी, दोन्ही पावले जमिनीवर टेकू द्यावीत आणि नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतके त्यांना वाकवावे. मग पार्श्वभाग जवळजवळ आपोआप उचलला जातो. कमरेला बांधायचा मुठींचा रुंद पट्टा वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळतो, त्याला धरावे. आपण गुडघ्यात वाकावे, कमरेत नाही.

माझ्याकडे झटक्याचा रुग्ण आला की सहा महिन्यांनी त्याच घरातला दुसरा माणूस पाठदुखी घेऊन येतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता पहिल्याच भेटीत घरातल्या सगळ्यांना उभे करून शिकवतो. निम्मा दोष आपल्या दिवाणांचा आहे. ते इतके ठेंगणे असतात की चादर बदलायलाही माणूस काटकोनात वाकतो. खाटेच्या पायांखाली भक्कम लाकडी ठोकळे घालून ती आपल्या कमरेच्या उंचीला आणावी, मात्र रुग्ण स्वतः उठू-बसू लागला की उंची पुन्हा कमी करावी, नाहीतर त्याची पावले जमिनीला पोहोचत नाहीत. वर सरकवताना रुग्णाच्या खांद्यापासून मांडीपर्यंत एक दुहेरी चादर आडवी अंथरून ठेवावी आणि दोघांनी दोन बाजूंनी ती धरून सरकवावे. माणसाला कधीही उचलू नये, चादरीला उचलावे.

लेस्टरकर

मी इंग्लंडमध्ये राहतो. आई कऱ्हाडला माझ्या धाकट्या बहिणीजवळ असते. इथे आठवड्याला ३५ तास किंवा अधिक काळ एखाद्याला सांभाळणाऱ्या माणसाला ठरावीक अटींवर सरकारी भत्ता मिळतो, २०१४ च्या कायद्यानुसार सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या गरजांचे मूल्यमापन करून घेण्याचा हक्क आहे आणि एप्रिल २०२४ पासून नोकरदाराला वर्षाला एक आठवड्याची बिनपगारी रजाही मागता येते. भत्ता तुटपुंजा आहे, मूल्यमापनाला खूप वाट पाहावी लागते आणि माझे इथले शेजारी त्याविषयी कडवटपणे बोलतात. तरीही ‘सांभाळणारा’ हे माणूस म्हणून कागदावर अस्तित्वात आहे.

स्वतःविषयी सांगायचे तर मी दोन वर्षे बहिणीला फोनवरून सूचना देत होतो. नेटवर काही वाचले की पाठवायचे, डॉक्टर बदल म्हणायचे, फळे जास्त दे म्हणायचे. एकदा ती म्हणाली, “दादा, सल्ला पुरे, एखादं काम घे.” तेव्हापासून आईच्या पेन्शनचे कागद, औषधांची मागणी, विम्याचा पाठपुरावा आणि आईला सांभाळायला ठेवलेल्या मावशींचा पगार हे मी इथून पाहतो. आणखी एक काम आम्हाला योगायोगाने सापडले. आईला रात्री झोप नसते, आणि तिकडे मध्यरात्र उलटून एक वाजतो तेव्हा इथे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. त्या वेळी मी व्हिडिओवर आईशी बोलत बसतो, तिला भूपाळ्या लावून देतो. बहीण तेवढे दोन तास झोपते. परदेशातल्या भावंडांना घड्याळाचा हा उपयोग सुचवावासा वाटतो.

साक्षांकित

बँकेत नोकरी झाली, आता वकिली करतो. शुश्रूषेइतकीच कागदांचीही शिकवणी लागते, म्हणून थोडे लिहितो.

‘बाबांनी मुखत्यारपत्र करून दिले आहे, आता काळजी नाही’ असे पुष्कळ जण समजतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार, मुखत्यारपत्र देणारा माणूस विकल मनाचा झाला की मुखत्यारकी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी तो कागद केला, नेमक्या त्याच दिवशी तो निरुपयोगी होतो. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा पालक नेमण्याची सोय देतो, पण ती स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांपुरती; म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश त्यात येत नाही. मग कुटुंबाला राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जाऊन पालकत्व मागावे लागते. निदान नवे असताना, आई-वडिलांना अजून समजत असतानाच, त्यांच्याशी बोलून बँकखाती संयुक्त करणे, नामनिर्देशन तपासणे आणि इच्छापत्र करणे शहाणपणाचे. हा विषय काढणे अवघड जाते, हे मी माझ्याच घरात अनुभवले आहे.

सही करता न येणाऱ्या रुग्णाला खुर्चीतून उचलून बँकेत नेण्याची गरज नसते. अंगठ्याचा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर घेऊन खाते चालवता येते. त्यांतला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. सत्तरी ओलांडलेल्यांना आणि अपंग वा आजारी ग्राहकांना घरपोच सेवा देण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ रोजी दिलेल्या आहेत. शाखेत ‘असे काही नसते’ असे सांगितले गेले, तर ही तारीख घालून लेखी अर्ज द्यावा. हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा ओळखूनही देता येतो आणि पोस्टमन घरी येऊनही करून देतो.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो आणि वृद्धाला सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा आवश्यकच आहे, पण त्यात हयगय करणारे अपत्य आहे; थकलेले अपत्य नाही. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, तेही रुग्णालयातील उपचारांसाठी. घरी ठेवलेल्या मावशींचा पगार त्यात बसत नाही.

वेळापत्रक

मावशींचा विषय निघाला म्हणून लिहिते. मावशी पुरवणाऱ्या ब्यूरोतून आलेल्या पाचपैकी चार जणींना कूस बदलण्याचे नियम माहीत नव्हते, आणि त्यांना ते कोणी सांगितलेलेही नव्हते. पाचवी मात्र अशी निघाली की माझ्या वडिलांना तिच्याखेरीज कोणाच्या हातून जेवायचेच नसे. मी तिला एकदा विचारले तेव्हा समजले की तिची स्वतःची सासू लातूरजवळच्या गावी अंथरुणाला खिळलेली आहे आणि तिच्याजवळ दहावीतली मुलगी असते. आपण बारा तासांसाठी मावशी आणतो, तेव्हा दुसऱ्या कुठल्यातरी घरातली शुश्रूषा एखाद्या शाळकरी मुलीवर पडते. यावर माझ्याजवळ उत्तर नाही. तिला आठवड्याची हक्काची सुट्टी मात्र तेव्हापासून देते, आणि त्या दिवशी रजा मी घेते.

शुभंकर_पुणे

माझ्या पत्नीला कंपवात (पार्किन्सन्स) होऊन नऊ वर्षे झाली. सांभाळणाऱ्यासाठी मराठीत नीट शब्दच नव्हता. ‘काळजीवाहू’ म्हटले की आपल्याला पडलेले सरकार आठवते. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. क्रीडास्पर्धांतल्या शुभंकराशी त्याचा संबंध नाही. सुरुवातीला मला हे शब्द फार गोड वाटले. आता वाटत नाहीत, कारण सभेत ओळख करून देताना ‘मी शुभंकर’ म्हटले की पुढचे काही समजावून सांगावे लागत नाही.

तिथे मला डॉक्टरांच्या दहा मिनिटांत न समजलेल्या गोष्टी इतर शुभंकरांकडून समजल्या. उदाहरणार्थ, कंपवातावरची लेव्होडोपाची गोळी वरण, दूध, पनीर अशा प्रथिनांच्या जेवणाबरोबर घेतली तर तिचा परिणाम उणावतो. ती जेवणाआधी अर्धा तास घ्यावी आणि वेळ चुकवू नये. पत्नी दारातच खिळल्यासारखी थांबत असे आणि मी मागून ढकलत असे. एका शुभंकर बाईंनी फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारायला सांगितल्या. रेघ ओलांडायची म्हटले की तिचे पाऊल उचलले जाते. नऊ वर्षांतला हा सगळ्यात स्वस्त उपचार.

ज्यांच्याजवळ असा गट नाही त्यांच्यासाठी : स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘आयसपोर्ट’ नावाची पुस्तिका काढली, तिच्यात पाच विषयांत विभागलेले २३ धडे आहेत. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ ही सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. आणि रात्री दोन वाजता ज्याला आपलाच राग आवरेनासा होतो, त्याने टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. तो रुग्णाइतकाच आपल्यासाठीही आहे. मी फिरवला आहे.

सह्याद्रीपुत्र

अबोलीताईंच्या उत्तरानंतर काही दिवस गप्प होतो. माझी आई गावी भावाकडे असते आणि वहिनी सगळे पाहते. मी महिन्यातून एकदा जातो. काल वहिनीला फोन करून विचारले, तर ती म्हणाली की तिला दोन वर्षांत माहेरी मुक्कामाला जाता आलेले नाही. पुढच्या महिन्यात मी आठ दिवस रजा टाकून जाणार आहे. आईची अंघोळ, कपडे हे पुरुषाने कसे करावे, याविषयी कोणी सांगू शकेल काय? विचारताना संकोच वाटतो आहे.

रात्रपाळी

संकोच करू नका. वॉर्डात आमचे मामा लोक, म्हणजे वॉर्डबॉय, तेच करत असत. एक मोठा पंचा गळ्यापासून पायापर्यंत अंगावर राहू द्यायचा आणि पंच्याखालून एकेका भागापुरते पुसायचे. तेवढाच भाग उघडा, बाकी अंग झाकलेले. चेहऱ्यापासून सुरुवात करून जननेंद्रियांचा भाग शेवटी, वेगळ्या फडक्याने, समोरून मागे असा पुसायचा. त्यांना हात चालवता येत असेल तर तो भाग त्यांच्याच हाती फडके देऊन त्यांनाच करू द्यावा. आणि जे करणार आहात ते करण्याआधी प्रत्येक वेळी आईंना सांगा. पहिले दोन दिवस वहिनींसमोर करून बघा, मगच त्यांना माहेरी पाठवा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून एक गोष्ट ठरवली आहे. आमच्या सांगलीतील ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दोन तास मिळत आहेत. व्याख्यान नको, खाट मांडून प्रत्यक्ष करून दाखवायचे, असा विचार आहे. रात्रपाळीताई मिरजेच्या आहेत असे व्यक्तिगत निरोपातून समजले, त्यांनी यायचे कबूल केले आहे. आता एकच अडचण आहे. अशा वर्गाला ज्यांनी यायला हवे, त्यांना घरचा माणूस सोडून बाहेर पडताच येत नाही. मलाच त्या दिवशी वडिलांजवळ कोणाला बसवावे, हा प्रश्न आहे, कारण आईला आता एकटीने कूस बदलणे झेपत नाही.

रात्रपाळी

खाट लोखंडी आणा, दिवाण नको. दोन जुन्या चादरी, चार उश्या, एक सिरिंज आणि झोपून दाखवायला एक वजनदार माणूस लागेल. बायका आणि पुरुष दोघेही येऊ देत. एकट्या सुनांनाच पाठवू नका, असे निमंत्रणातच लिहा.

आपल्या वडिलांजवळ माझे यजमान बसतील. त्यांच्या आईच्या वेळी त्यांना मी तीन वर्षे शिकवले आहे, कूस नीट बदलतात. फक्त बोलतात फार, तेवढे वडिलांना आधी सांगून ठेवा.